दम दे त्याला

माझ्या शेडला पाटी नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात येऊन कुणी पत्ता विचारला की शेजारचे टर्नर सांगतात, "ती व्हय, बिनपाटीची? ह्या बोळानं सरळ जावा पावणं, जिथं फुसफुस ऐकू येतंय तिथं थांबा." मी हवेवर चालणारी मशिनं करते. दाबून भरलेली हवा नळीतनं सोडली की ती सिलिंडरचा दांडा पुढं ढकलते, आणि त्या दांड्याकडनं काय काम करून घ्यायचं ते आपण ठरवायचं. कुणाला गुळाच्या छोट्या वड्या पाडून पाहिजे असतात, कुणाला चपलांचे तळ कापून. पाटी का नाही म्हणून विचारणाऱ्याला सुरुवातीला मी नीट उत्तर द्यायचे. हल्ली "तुम्हाला मशीन पाहिजे का पाटी?" असं विचारते. डोस्कं फिरतं माझं.

कारण साधं आहे. ही शेड दोघींची. नाव दोघींनी मिळून ठेवायचं असं ठरलेलं, आणि दुसरी, माझी कॉलेजची मैत्रीण, यायची होती. ती जर्मनीला गेलेली. दोन वर्षांत शिकून येतो म्हणाली होती. दोनाची चार झाली, चाराची सहा झाली, आणि मी आपली वाट बघत राहिले. आई म्हणायची, "लग्नाच्या नवऱ्याची कुणी एवढी वाट बघत न्हाय." मी म्हणायचे, नवरा काय, दुसरा मिळतो. आईला ते अजिबात पटायचं नाही.

ती इचलकरंजीची. घराच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड, दिवसरात्र खटाखट. त्यामुळं त्यांच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून. तिची आई मला "चहा घे" म्हणाली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. सुट्टीला माग बंद असले, घर शांत असलं, तरी सगळे त्याच पट्टीत. मी पेठ वडगावची. आमच्या घरी दुधाचा धंदा, म्हशीशीसुद्धा हळू बोलायची पद्धत. मोठ्यानं बोललं की म्हैस पान्हा चोरते म्हणतात. अशी मी, आणि अशी ती. इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला जिन्यावरनं हाक मारली, तर खाली गाड्या लावणाऱ्या सगळ्यांनी मान वर केली. तिच्या ते गावीही नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजच्या रोबोटच्या टीममध्ये आम्ही दोघी एकदमच शिरलो. दर वर्षी देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा असते, दर वर्षी खेळ वेगळा. आमच्या वेळी रोबोटनं रिंगा फेकून खांबांवर अडकवायच्या होत्या. टीममध्ये कोडिंगवाल्यांचा मान मोठा, मोटारी बसवणाऱ्यांचा त्याच्या खालोखाल, आणि हवेचं काम कुणालाच नको असायचं. हवा दिसत नाही, फोटोत येत नाही, आणि सगळा वेळ जातो तो कुठनं गळतेय ते शोधण्यात. साबणाचं पाणी करायचं, ब्रशनं प्रत्येक सांध्याला लावायचं, आणि बुडबुडा कुठं येतो बघत बसायचं. "पोरींस्नी द्या की हे, साबणाच्या पाण्याचंच काम हाय," असं एक वरच्या वर्षातला म्हणाला. "तुझ्या तोंडाला लावतो साबण, मग बघू बुडबुडा कुठनं येतोय," ती म्हणाली, आणि ते पार लेथच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. हवेचं काम आम्हाला मिळालं. त्या दिवसापासनं आम्हाला कुणी सल्ला दिला नाही.

हवा साठवायला आम्ही थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या वापरायचो. हसू नका, त्या बाटल्या लई दाब सोसतात, आणि वजन काहीच नाही. रोबोटला वजनाची मर्यादा असते, तिथं लोखंडी टाकी कोण ठेवणार? बाटल्या गोळा करायचं खातं तिच्याकडं. लग्न आटोपलं की बाई कार्यालयाच्या मागच्या दारात हजर. "ओ पावणं, त्या बाटल्या टाकू नगा, रोबोटला लागत्यात!" एका म्हाताऱ्या पावण्यांना वाटलं, रोबोट म्हणजे घरात कुणी तान्हं बाळ असावं. त्यांनी बाटल्या स्वतः विसळून दिल्या. वर म्हणाले, एवढ्या मोठ्या बाटलीनं पाजू नका, पोट बिघडंल.

आणि मग तो शब्द आला. सर म्हणायचे प्रेशर. सर म्हणजे आमच्या टीमचे मास्तर, शांत माणूस, आवाज चढवायचा तर आधी चष्मा काढून ठेवणारे. ते म्हणायचे, "प्रेशर चेक करा गं." पहिल्या दिवशी बाटलीला हवा भरताना मीटरचा काटा हळूहळू वर चढायला लागला, आणि ती वाकून बघत म्हणाली, "आयला, दम हाय की गं ह्यात!" झालं. त्या दिवसापासनं हवा म्हणजे दम. बाटली भरायची असली की दम भर. झडप बंद ठेवायची असली की दम धर. कुठं गळालं की दम सुटला. आणि बटण दाबून सिलिंडरला हवा सोडायची, म्हणजे रिंग फेकायची, की दम दे. महिन्याभरात टीममधली पोरं तेच बोलायला लागली. दोन महिन्यांनी सर. एकदा प्राचार्य वर्कशॉप बघायला आले, तर सर त्यांना म्हणाले, "आत्ता दम कमी आहे, दुपारनंतर या." प्राचार्य मान हलवून गेले. त्यांना काय कळलं देव जाणे.

गळती कधी पूर्ण थांबत नसे. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली, सांधे बदलले, नळ्या नव्या कापल्या, तरी कुठंतरी फुस्स असायचंच. मला त्याचा राग यायचा. पाना घेऊन मी त्याच त्या सांध्याशी भांडत बसायचे. ती मात्र निवांत. "आगं, हवा म्हंजे पावणी. ती जायाचीच. आपण फकस्त चहा हुईपर्यंत धरून ठेवायची," असं म्हणायची. चहा होईपर्यंत म्हणजे तीन मिनिटं. सामना तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं काटा जागेवर राहिला की आम्ही खूश. गळती हुडकायला तिला साबणाचं पाणी लागायचंच नाही. मागांच्या खटाखटीत वाढलेल्या पोरीचे कान खरं तर गेलेले असायला पाहिजेत. पण ती नळ्यांवर वाकायची, डोळे मिटायची आणि बोट ठेवायची. मी ब्रश लावायचे, तिथंच बुडबुडा.

ते वर्कशॉप कॉलेजच्या मागच्या बाजूला, पत्र्याचं. मार्चात आत भाजून निघायचं. संध्याकाळी वडगावची गाडी सुटायच्या आत मला पळायला लागायचं. ती मला गाडीपर्यंत सोडायला यायची आणि खिडकीखाली उभी राहून दुसऱ्या दिवशीची कामं ओरडून सांगायची. त्या सिलिंडरची सील बदल, निळी नळी कमी पडतीया, तुझ्या आईनं केलेली चटणी आण. कंडक्टरसुद्धा थांबून ऐकायचे. मला तेव्हा लाज वाटायची. मी खिडकीची काच पुढं ओढायचे. आता कुणी तसं खिडकीखाली उभं राहून ओरडावं म्हणून जीव तुटतो.

स्पर्धा पुण्यात होती. हॉल केवढा, तर आमच्या गावची सगळी म्हसरं आत बसली असती आणि वर वैरणीला जागा उरली असती. मैदानात टीमचे तिघंच उतरू शकायचे. ती रोबोट चालवायची, एक मुलगा रिंगा भरायचा, आणि फेकायचं बटण माझ्याकडं. मी जिथं उभी असायचे तिथनं रोबोट मध्ये यायचा, खांब दिसायचा नाही. म्हणून नेम तिचा, बोट माझं. ती "दम दे" म्हणाली की मी दाबायचं. खटक्यावर बोट अन् जाग्यावर पलटी. पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही नुसता जाळ अन् धूर संगटच काढला. मोठमोठ्या कॉलेजांची पोरं आमच्या बाटल्या बघायला यायची. एकानं विचारलं, ही टाकी कुठून मागवली? ती म्हणाली, "लग्नातनं."

तिसरी फेरी. समोर मुंबईकडची टीम. ही फेरी जिंकली की आमचं कॉलेज पहिल्यांदाच शेवटच्या चारांत. आम्ही एका रिंगेनं मागं, घड्याळ पळतंय. ती ओरडली, "दम दे त्याला!" मी दाबलं. रिंग बसली, बरोबरी झाली. प्रेक्षकांत बसलेली आमची पोरं उठली. "आजून दम दे! सोडू नगो त्याला!" ती परत ओरडली, आणि हात लांब करून रोबोटकडं बोट. आता रोबोटच्या बरोब्बर पाठीमागं, पलीकडच्या हद्दीत, त्या टीमचा एक चष्मेवाला मुलगा उभा होता. मराठी होता. ते बोट, तो आवाज आणि ते वाक्य. पोरगं पांढरंफटक पडलं. हातातली रिंग खाली ठेवून दोन पावलं मागं सरकलं.

शिट्टी वाजली. घड्याळ थांबलं. एक पंच लगबगीनं आले. तेही मराठीच, बोलण्यावरनं नागपूरकडचे वाटत होते.

"मैदानात धमक्या देता?"

"धमकी?" ती म्हणाली. "कुणाला?"

"दम दे त्याला, सोडू नको त्याला. मी स्वतः ऐकलं."

"आवो पावणं, दम म्हंजे हवा! ही काय बाटलीत भरलीया न्हवं, ती!"

"आवाज खाली करा."

"ह्यो खालीच हाय की, सर!"

तिथं खरं तर हसू यायला पाहिजे होतं. मला नंतर कैक वेळा आलंय. त्या क्षणी नाही आलं, कारण ती समजावून सांगायला जाईल तसं तिचं प्रकरण बिघडत चाललं होतं. ती जेवढं मनापासून सांगत होती, तेवढं ते बाहेरच्याला भांडण वाटत होतं. दुसरे पंच आले, तिसरे आले, त्यांना मराठी येत नव्हतं, मग त्यांना हिंदीत सांगणं आलं. दम म्हणजे हवा, असं हिंदीत सांगून बघा कधीतरी. त्या चष्मेवाल्याला बोलावलं. तो बिचारा सरळ होता. "मला वाटलं मलाच म्हणतायत," एवढंच म्हणाला. सरांनी प्रेक्षकांतनं चष्मा काढून हात हलवला, पण त्यांना आत कोण सोडणार?

आणि ह्या सगळ्या वेळात माझ्या कानात एकच आवाज होता. फुस्स. मी काट्याकडं बघत होते. काटा उतरत होता. तीन मिनिटं धरायची म्हणून बांधलेली हवा, तिला आम्ही उभं करून ठेवलं होतं. मी हात वर केला. म्हटलं, सर, हवा उतरायलीया, परत भरून घेऊ दे. सामना सुरू झाल्यावर हवा भरता येत नाही, नियमात नाही, म्हणाले. नियम बरोबर होता, त्यांचं काही चुकलं नाही. शेवटी ताकीद देऊन त्यांनी आम्हाला सोडलं आणि घड्याळ सुरू झालं.

तिनं रोबोट आणला, नेम धरला. पण ह्या वेळी ती ओरडली नाही. आता काय ओरडायचं हेच तिला कळेना. माझ्याकडं बघून तिनं नुसती मान हलवली. मी दाबलं. रिंग गेली, खांबाच्या टोकाला टेकली, कडेवर जराशी थांबली आणि बाहेरच्या बाजूला पडली. समोरच्यांनी त्यांची शेवटची बसवली. संपलं.

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. दम देणं म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात काय, हे आम्हाला माहीत नव्हतं होय? घरोघरी बाप पोरांना दम देत असतात. पण आम्ही साफ विसरलो होतो. त्या पत्र्याच्या खोलीत आमचं एक वेगळंच मराठी तयार झालं होतं, आणि ते आतल्या आत इतकं खरं होतं, की बाहेर कुणी दुसरं काही बोलत असेल हे ध्यानातच राहिलं नाही. त्या मराठीत बोलणारं आता कुणी नाही. कॉलेजच्या टीमची नवी पोरं प्रेशर म्हणतात. मी एकदा जाऊन ऐकून आले.

परतीला आम्ही दोघी एसटीनं निघालो, बाकीचे रोबोट घेऊन टेम्पोतनं. सातारा गेलं तरी ती एक शब्द बोलली नाही. मला भीती वाटायला लागली. ती गप्प बसलेली मी कधी बघितलीच नव्हती. कराडच्या स्टँडवर मी भडंग घेतलं, पुडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं एक मूठ तोंडात टाकली, दोनदा चावली, आणि एकदम उठून उभी राहिली.

"आपण दोघी वर्कशॉप काढूया!"

"बस की खाली."

"हवेवर चालणारी मशिनं करायची. कोल्हापुरातच. मी तुझ्याबिगर न्हाय करत, तू माझ्याबिगर करायचं न्हाय. बोल, व्हय का न्हाय?"

अख्ख्या गाडीनं मागं वळून बघितलं. कंडक्टर म्हणाले, "काढा पोरींनो, वर्कशॉप काढा, पण आधी बूड टेका." मी व्हय म्हटलं. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी तर आम्हाला केळी दिली, जसं काही वर्कशॉपचं उद्घाटनच झालं. मग कोल्हापूर येईपर्यंत आम्ही नाव काय ठेवायचं ह्यावरनं भांडलो. तिला मोठं, गरजणारं नाव पाहिजे होतं. मला साधं. गावचे दिवे दिसायच्या आधीच आमचं स्पर्धेचं दुःख गेलं होतं. मला ती एसटी पाहिजे. दुसरं काही नको, ती संध्याकाळ आणि ती भडंगाची पुडी, आणि शेजारी ती.

इंजिनिअर झाल्यावर तिला एका जर्मन कंपनीत संधी मिळाली. हवेच्या मशिनांचंच काम. मीच म्हटलं, जा. अशी संधी कोण सोडतं? "दोन वर्षं. सगळं शिकून येतो," ती म्हणाली. "तवर तू शेड बघून ठेव. पाटी लावू नगोस हां. नाव मी आल्यावर." कोल्हापूरच्या स्टँडवर तिच्या आईनं जो काही हंबरडा फोडला, त्यानं दोन गाड्यांचे ड्रायव्हर उतरून आले. ती खिडकीतनं शेवटपर्यंत ओरडत होती. ह्या वेळी खिडकीत ती आणि खाली मी.

शेड मिळाली. पहिलं मशीन गुळाच्या वड्यांचं. ते सहा महिने नीट चाललंच नाही. गुळाची कणी दांड्याच्या सीलमध्ये जाऊन बसायची आणि सिलिंडर रुसायचं. रोज मी तिला फोन करायचे. ती तिकडनं सांगायची, सील बदल, त्याच्यावर टोपी बसव, हवा कोरडी कर. तेव्हा तिचा फोन मला कानापासनं वीतभर लांब धरायला लागायचा. शेडमधली दोन माणसं, त्यांनाही सगळं ऐकू जायचं, आणि ती परस्पर कामाला लागायची.

मग तिचा आवाज बारीक व्हायला लागला. एकदम नाही. आधी मी फोन कानाजवळ आणला. मग कानाला चिकटवला. मग दुसऱ्या कानात बोट घालायला लागले. तिचं लग्न झालं, नवरा सांगलीकडचाच, तिकडंच नोकरीला. मग मुलगी झाली. "मोठ्यानं बोल की," मी म्हणायचे. "अगं, बाळ झोपलंय," ती म्हणायची. किंवा, शेजारचे तक्रार करतात. किंवा, ट्रेनमध्ये आहे. मला खात्री झाली की माझा फोन बिघडलाय. महाद्वार रोडला दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्या माणसानं उघडून बघितला, पुसला, स्वतःच्या बायकोला फोन लावून बघितला. म्हणाला, "फोन ठणठणीत हाय ताई. बोलणारंच हळू बोलतंय."

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि भर बाजारात रडले. लोकांना वाटलं फोन गेला. एक मावशी म्हणाल्या, जाऊ दे गं, दुसरा घेशील.

परत कधी येणार, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. विचारलं नाही तर नाही म्हणणार नाही, असा माझा हिशेब. गिऱ्हाइकं वाढली, जयसिंगपूरकडनं कामं यायला लागली, आणि शेडचा उत्तरेकडचा कोपरा मी तिच्यासाठी मोकळाच ठेवला. तिथं उजेड चांगला येतो. माणसं विचारायची, इथं दुसरं मशीन बसेल की ताई. मी म्हणायचे, गप कामं करा.

ह्या जानेवारीत ती आली. चुलत दिराचं लग्न होतं. लेकीला आजीकडं ठेवून एका दुपारी शेडवर येते म्हणाली. मी सकाळपासनं खुळ्यागत झाडत होते. माणसांनाही झाडायला लावलं. त्यांनी आपापसात काय ते बोलून घेतलं असेल.

"मी आले गं," दारातनं आवाज आला.

मी वळलेच नाही. मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक बाई. आमच्याकडच्या पोरी "आले" म्हणत नाहीत. आम्ही "आलो" म्हणतो, पोरांसारखंच. मी आलो, मी जातो, मी खातो. पुण्या-मुंबईची माणसं ह्यावरनं आमची टर उडवतात, उडवोत बापडी. लिहिताना मी "आले" लिहिते, शाळेनं तेवढं शिकवलंय. पण तोंडानं "आले" म्हणायला आमची जीभ वळत नाही. तिची वळली होती.

वळून बघितलं तर तीच. जरा भरलेली, केस कापलेले. मिठी मारली तर अंगाला परक्या साबणाचा वास. "किती छान केलंयस सगळं," ती म्हणाली. आमच्या माणसानं चहा दिला तर त्याला "थँक्यू दादा" म्हणाली, आणि तो बावरून माझ्याकडं बघायला लागला. तिनं शेडभर हिंडून सगळं बघितलं. गुळाच्या मशिनापाशी थांबली, वाकली, डोळे मिटले, आणि एका सांध्यावर बोट ठेवलं. "इथे थोडं गळतंय." मी साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला. मला इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथं सगळं बोलायला लागले. हा कोपरा बघ, तुझा. खिडकी इथं मोठी करून घेऊ. जयसिंगपूरच्या माणसाला डाळीच्या पिशव्या भरायचं मशीन पाहिजे, ते मी तू यायचीस म्हणून लांबवलंय. तुझ्या पोरीला इथली शाळा बघितलीय, आपल्या पोरांसारखी बोलायला शिकेल. मी थांबतच नव्हते. मी थांबले असते तर ती बोलली असती.

शेवटी मला दम लागला आणि मी थांबले. आमचा कंप्रेसर तेव्हाच सुरू झाला होता, तिच्या खुर्चीच्या मागंच तो, धडधड धडधड. ती चहाच्या ग्लासाकडं बघत हळूच म्हणाली, "मी तिकडेच राहते आता. घर घेतलंय आम्ही. परत यायचं नाही जमणार गं मला."

मला ऐकू आलं. शब्द न् शब्द ऐकू आला. आयुष्य कंप्रेसरशेजारी गेलंय माझं, त्या आवाजाखालचं सगळं मला ऐकू येतं.

"आँ?" मी म्हटलं.

"मी तिकडेच राहते म्हटलं."

"काय म्हणालीस? आवाजात कळंना झालंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी कानाला हात लावून तशीच बसले. हात खाली घेतला नाही. मला ते हळू आवाजात नको होतं. एवढी वर्षं वाट बघितली, तर निदान नाही तरी नीट म्हणावं माणसानं.

तिनं ग्लास खाली ठेवला. उभी राहिली. छातीभर श्वास घेतला.

"मी तिकडंच ऱ्हातो आता! यायला न्हाय जमत मला! ऐकू आलं काय?"

ती ओरडत असतानाच टाकी भरली आणि कंप्रेसर आपोआप बंद झाला, त्यामुळं तिचं पुढचं सगळं नुसत्या शांततेत गेलं. पत्रा घुमला. बोळातले लेथ थांबले, शेजारचे टर्नर दारात येऊन उभे राहिले, आणि माझी दोन माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. ती मधोमध उभी, तोंड लाल, डोळ्यांतनं पाणी वाहतंय.

"व्हय," मी म्हटलं. "आता आलं."